चौपटीचा नियम: श्रीधराचार्यांचे हरवलेले बीजगणित आणि वर्गसमीकरणाचे सूत्र

बंगळूरच्या दक्षिण टोकाला होसूर रस्त्यालगत वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीची मूळ जमीन कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांची. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स महामंडळाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांची वसाहत आखली, तेव्हा तो भाग शहराच्या बराच बाहेर होता. आज तिथे संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कंपन्यांच्या इमारतींची दाटी आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेल्या नम्म मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरील एका स्थानकाच्या नावात मात्र ‘कोनप्पन अग्रहार’ अजून टिकून आहे. अग्रहार म्हणजे विद्येत गुंतलेल्या ब्राह्मणांच्या निर्वाहासाठी लावून दिलेले गाव. ज्ञानाच्या कामासाठी जमीन तोडून देण्याची दक्षिणेतील ही जुनी रीत; तिची आठवण नव्या वसाहतीच्या नकाशावर अशी अवचित उमटून राहिली आहे.

या इमारतींमध्ये जे लिहिले जाते त्यात एक गणिती ओळ वारंवार येते. पडद्यावरील चित्रात प्रकाशाचा किरण गोलाकार वस्तूला कुठे भेटतो हे काढायचे असो, किंवा सारख्या दराने वेग कमी करणारी गाडी ठरावीक अंतर किती वेळात कापेल हे सांगायचे असो, शेवटी वर्गसमीकरण सोडवावे लागते. सूत्र तेच, दहावीच्या वर्गात घोकलेले: उणे ब, अधिक-उणे वर्गमुळात ब-वर्ग वजा चार अक, भागिले दोन अ. ते पाठ नसलेला विज्ञानाचा विद्यार्थी सापडणार नाही. पण त्यातला ‘चार’ कुठून आला, असे विचारले तर बहुतेक जण थबकतात. पाठ्यपुस्तकात पूर्ण वर्ग करण्याची कृती दाखवलेली असते. तिच्या शेवटी अपूर्णांकांची जुळवाजुळव करताना तो चार छेदातून वर येतो आणि लक्षात येण्याआधी सूत्रात विरघळून जातो.

त्या चाराला एक इतिहास आहे, आणि त्यातील मोठा भाग सह्याद्रीच्या आणि गोदावरीच्या परिसरात घडला.

वर्गसमीकरणे मुळात फार जुनी. आजपासून सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनी मातीच्या पाट्यांवर अशी उदाहरणे कोरलेली आहेत. त्यांपैकी एका प्रसिद्ध पाटीवरचे पहिलेच उदाहरण असे: चौरसाचे क्षेत्रफळ आणि त्याची बाजू यांची बेरीज पाऊण, तर बाजू किती? उत्तर अर्धा. कृती पायरीपायरीने दिली आहे, परंतु ती त्या उदाहरणापुरती. सर्व उदाहरणांना लागू पडणारा नियम वाचणाऱ्याने स्वतःच ओळखायचा. भारतात आर्यभटांच्या ग्रंथात, म्हणजे इ.स. ४९९च्या सुमारास, हे समीकरण सावकारी हिशेबाच्या रूपाने भेटते. समजा, १०० रुपये महिनाभर व्याजाने दिले. महिन्याने आलेले व्याज त्याच दराने पुढे ६ महिने फिरवले. ते व्याज आणि त्यावरचे व्याज मिळून १६ रुपये झाले, तर पहिल्या महिन्याचे व्याज किती? उत्तर १० रुपये. पडताळून पाहण्यास सोपे. आर्यभटांनी याचा सर्वसाधारण नियम दिला, आणि त्या नियमाचा सांगाडा आजच्या सूत्राचाच आहे.

इ.स. ६२८ मध्ये भिल्लमाल येथील ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त पुढचे पाऊल टाकले. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम त्यांनी प्रथम एकत्र मांडले, आणि वर्गसमीकरणाचे उत्तर काढण्याचा नियमही दिला. त्यात अज्ञाताच्या वर्गाच्या सहगुणकाची चौपट स्पष्टपणे येते. म्हणजे सूत्रातील चार सातव्या शतकातच हजर आहे. मात्र ब्रह्मगुप्त उत्तराची कृती सांगतात. ती कृती का चालते हे त्या श्लोकात दिसत नाही. शिवाय नियमातून बाहेर पडते ते एकच मूळ.

वाट दाखवली श्रीधराचार्यांनी. त्यांचा काळ आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराचा. त्यांचे अंकगणिताचे दोन ग्रंथ आज उपलब्ध आहेत: ‘पाटीगणित’ आणि त्याचाच संक्षेप असलेली ‘त्रिशतिका’. बीजगणितावरही त्यांनी ग्रंथ लिहिला होता, तो हरवला. त्या हरवलेल्या ग्रंथातील एक श्लोक मात्र वाचला, आणि त्यात सांगितलेली कृती इतकी नेटकी आहे की ती आजही फळ्यावर जशीच्या तशी करता येते.

कृती अशी. समीकरणाच्या एका बाजूला अज्ञाताचा वर्ग आणि अज्ञात, दुसऱ्या बाजूला नुसती संख्या, अशी मांडणी करा. वर्गाच्या सहगुणकाची चौपट घ्या आणि तिने दोन्ही बाजूंना गुणा. मग अज्ञाताचा जो मूळ सहगुणक होता त्याचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवा. आता डावी बाजू आपोआप पूर्ण वर्ग झालेली असते. दोन्हीकडची वर्गमुळे घ्या. संपले.

ही कृती शाळेतल्या कृतीपेक्षा सरस का, हे एखादे उदाहरण करून पाहिल्यावर कळते. शाळेत आधी सगळे समीकरण ‘अ’ने भागतात, मग ‘ब’चे अर्ध करून त्याचा वर्ग मिळवतात. दोन्ही पायऱ्यांवर अपूर्णांक निर्माण होतात. श्रीधरांनी भागायचे नाव शेवटपर्यंत काढले नाही. आधीच चौपटीने गुणून ठेवल्यामुळे पूर्णांकांचे पूर्णांकच राहतात आणि भागाकार अगदी शेवटी, एकदाच करावा लागतो. धुळीने माखलेल्या पाटीवर बोटाने किंवा काडीने आकडे लिहून, पुसून, पुन्हा लिहून गणित करणाऱ्या माणसाला ही सवलत केवढी मोठी वाटली असेल! सूत्रातले ‘४अक’ आणि छेदातले ‘२अ’ या दोघांचा उगम या एका गुणाकारात आहे. जो विद्यार्थी ही कृती एकदा हाताने करतो त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही.

श्रीधरांचा हा श्लोक आपल्यापर्यंत पोचला तो भास्कराचार्यांमुळे. शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ हे भास्कराचार्यांचे जन्मवर्ष, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड असल्याचेही ते सांगतात. या गावावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात जुनी ओढाताण आहे. नावातील साम्यामुळे काहींनी ते विजापूर मानले. पण विजापूर सह्याद्रीपासून फार दूर पठारावर आहे, आणि भास्कराचार्यांसारखा नेमका माणूस आपल्या गावाच्या वर्णनात डोंगर चुकवील हे संभवत नाही. त्यांच्या घराण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तर चाळीसगावजवळच्या पाटण गावात, दगडावर कोरलेला आहे.

मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये या शिलालेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून गेलेल्या कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. लेख इ.स. १२०७चा आहे. देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण, त्याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव, आणि हा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला, आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान लावून दिले. लेखात घराण्याची पिढ्यानुपिढ्यांची नावे आहेत: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण व्यवहाराच्या अटी आल्या की भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. बाजारातील विक्रीवरचा कोणता वाटा मठाला, घाण्यांकडून तेल किती, असा रोकडा तपशील त्या मराठीत आहे. गणिताच्या शाळेतील दिव्याला तेल कोण घालणार, हे लोकांच्या भाषेत लिहून ठेवणे आवश्यक होते; श्लोकांनी घाणेवाला बांधला जात नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही वर्गमुळांची उदाहरणे आहेत, अर्जुनाच्या शंभर बाणांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. पण वर्गसमीकरणाची खरी मीमांसा आहे ‘बीजगणिता’त. या प्रकाराला तिथे ‘मध्यमाहरण’ म्हटले आहे. वर्ग, अज्ञात आणि संख्या या तीन पदांपैकी मधले पद काढून टाकणे, हा त्याचा अर्थ. कृतीचे सार एका शब्दात आले. अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि थोडक्यात ‘या’ लिहितात. एकाहून अधिक अज्ञाते असतील तर पुढची रंगांच्या नावांनी येतात: कालक, नीलक, पीतक. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. आणि मध्यमाहरणाची कृती सांगण्याची वेळ आली तेव्हा भास्कराचार्यांनी स्वतःचा नवा श्लोक रचला नाही, तर श्रीधरांचे नाव घेऊन त्यांचा श्लोक दिला. एवढा शीघ्र आणि हुकमी पद्यकार दुसऱ्याचा श्लोक उचलून त्याच्या नावानिशी ठेवतो, ही गोष्ट साधी नाही.

याचा पुढचा भाग गमतीचा आहे. ब्राझीलमध्ये शाळकरी मुले वर्गसमीकरणाच्या सूत्राला ‘भास्कराचे सूत्र’ म्हणतात. तिथल्या पाठ्यपुस्तकांत ते नाव रूढ आहे. ज्या एका ठिकाणी भास्कराचार्यांनी श्रेय स्वतःकडे न ठेवता पूर्वसूरींना दिले, नेमके त्याच ठिकाणी समुद्रापलीकडच्या लोकांनी त्यांचे नाव लावले. भारतात ‘श्रीधराचार्यांचे सूत्र’ असेही म्हटले जाते, आणि ते अधिक न्याय्य आहे. ब्रह्मगुप्तांचा वाटा मात्र दोन्ही नावांत झाकला जातो.

आता भास्कराचार्यांची स्वतःची भर कोणती, ते पाहू. तिच्यासाठी त्यांनी माकडे आणली आहेत.

एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर जितकी संख्या येते तितकी माकडे रानात खेळत आहेत. उरलेली १२ टेकडीवर बसून एकमेकांना आरोळ्या देत आहेत. कळप केवढा? अज्ञात ‘या’ मानला तर ‘या’चा वर्ग भागिले ६४, अधिक १२, बरोबर ‘या’. छेद घालवून मांडणी केली की ‘या’चा वर्ग वजा ६४ ‘या’ बरोबर उणे ७६८. श्रीधरांच्या नियमाने दोन्ही बाजूंना ४ने गुणा, मग ६४चा वर्ग, म्हणजे ४०९६ मिळवा. उजवीकडे ४०९६ वजा ३०७२, म्हणजे १०२४ उरतात. वर्गमुळे घेतली की डावीकडे २ ‘या’ वजा ६४, उजवीकडे ३२. हे ३२ धन धरले तर कळप ४८ माकडांचा, ऋण धरले तर १६ माकडांचा. पडताळा: ४८चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२, झाले ४८. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२, झाले १६. दोन्ही उत्तरे चोख आहेत, आणि भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात.

लगेच दुसरा कळप येतो. त्याच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत शिरली. एक फांदीवर चढलेले दिसले. कळप केवढा? इथे ‘या’चा वर्ग वजा ५५ ‘या’ बरोबर उणे २५० असे समीकरण मिळते. चौपट करून ५५चा वर्ग, म्हणजे ३०२५ मिळवले की उजवीकडे २०२५. त्याचे मूळ ४५. उत्तरे दोन: ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १. ठीक. पाचाचा पाचवा भाग १. त्यातून ३ वजा केले की उणे २. वर्ग ४, अधिक १, झाले ५. समीकरणाला हेही पटते. पण एका माकडातून तीन माकडे कशी काढायची?

इथे भास्कराचार्य थांबतात आणि दुसरे उत्तर घेऊ नये असे सांगतात. कारण मोठे मार्मिक देतात: अशा उघड ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. उत्तर चुकीचे आहे, असे ते म्हणत नाहीत. बीजगणिताने ते बरोबरच काढले आहे. प्रश्नात वर्णिलेल्या जगात त्याला जागा नाही, इतकेच. दोन मुळांचा जो नियम ते देतात त्यातही मुळे दुहेरी येतात ती ‘क्वचित्’ असा सावध शब्द घातलेला आहे. पूर्वीचे बीजगणितकार पद्मनाभ यांनी दोन मुळांचा नियम सरसकट सांगितला होता; तो सरसकट लावता येत नाही हे दाखवण्यासाठीच भास्कराचार्यांनी अशी उदाहरणे घेतली. त्यांतलेच आणखी एक शंकूच्या सावलीचे. बारा अंगुळे उंचीच्या शंकूच्या सावलीतून कर्णाचा तिसरा हिस्सा वजा केला तर १४ अंगुळे उरतात, सावली किती? समीकरण साडेबावीस आणि नऊ अशी दोन उत्तरे देते. दिसायला दोन्ही धन आहेत, माकडांसारखे काही वावगे दिसत नाही. पण सावली नऊ धरली तर कर्ण उणे पंधरा येतो. म्हणजे ऋण आतल्या बाजूला लपून बसले होते. उत्तर हाती आल्यावर ते प्रश्नात परत ठेवून पाहण्याची शिस्त इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी शिकवली असेल असे वाटत नाही.

कर्नाटकाच्या बाजूने पाहिले तर या प्रश्नावर तीनशे वर्षे आधी विचार झालेला दिसतो. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्यास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. महावीराचार्यांचे उंटांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: कळपाचा चौथा भाग रानात, कळपाच्या वर्गमुळाची दुप्पट डोंगरउतारावर, आणि तीन पाचे पंधरा नदीकाठी. उत्तर ३६. ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितले. त्याच शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी वर्गसमीकरणांचे प्रकार पाडून प्रत्येकाची सोडवणूक चौरसांच्या आकृत्यांनी पटवून दिली. त्यांना प्रकार पाडावे लागले, कारण सहगुणक ऋण असू शकतो हे त्यांच्या मांडणीत बसत नव्हते. ब्रह्मगुप्तांचे ऋण-नियम हाताशी असल्यामुळे भारतीय परंपरेला हे सर्व प्रकार एकाच नियमात आणता आले. उलट आकृतीने पटवून देण्याची बगदादची शिस्त भारतीय श्लोकांत नसे; ते काम टीकाकारांवर सोडलेले असे.

आणि टीकाकार कुठले? गोदावरीकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरीचे, ज्ञानराज आणि त्यांचे पुत्र सूर्यदास. सूर्यदासांनी १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. श्रीधरांचा श्लोक या पितापुत्रांनीही दिला आहे, आणि त्याच्या उत्तरार्धाचे शब्द सगळीकडे सारखे नाहीत. कृती एकच, पाठ वेगळे. ग्रंथ डोळ्यांसमोर नसताना श्लोक शिष्यांच्या तोंडून फिरत राहिला की असे पाठभेद होतातच. मूळ विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे आणि पुढे काशीस गेलेले एक घराणे. त्यातील कृष्ण दैवज्ञ जहांगीराच्या आश्रयाला होते. इ.स. १६००च्या सुमारास त्यांनी ‘बीजगणिता’वर जी टीका लिहिली तीत ऋणाची फोड फार सुंदर केली आहे. ऋण तीन प्रकारांनी समजते, असे ते सांगतात: स्थळाने, काळाने आणि वस्तूने. पूर्व दिशा धन मानली तर पश्चिम ऋण. पुढचा काळ धन मानला तर मागचा ऋण. मालकीची वस्तू धन, तर देणे असलेली ऋण.

हे वाचताना भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. पंधरा मीटर उंच गच्चीवरून सेकंदाला १० मीटर वेगाने दगड सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. तो जमिनीवर कधी पडेल? समीकरण दोन उत्तरे देते: ३ सेकंद आणि उणे १ सेकंद. वर्गात दुसरे उत्तर खोडले जाते. कृष्ण दैवज्ञांच्या रीतीने वाचले तर ते काळाचे ऋण आहे: हाच दगड जमिनीवरून सेकंदाला २० मीटर वेगाने एक सेकंद आधी निघाला असता, तर गच्चीपाशी येताना त्याची गती अगदी हीच असती. माकडांच्या गुहेत ऋणाला जागा नव्हती, काळाच्या रेषेवर ती आहे. विसाव्या शतकात डिरॅक यांच्यासमोर ऊर्जेचे ऋण मूळ असेच उभे राहिले. त्यांनी ते खोडले नाही, आणि १९३२ मध्ये अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला.

भास्कराचार्यांच्या ग्रंथाच्या शेवटी एक वाक्य आहे, त्याकडे इतिहासाचे अभ्यासक सहसा कौतुकाने पाहतात. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत आहेत, म्हणून त्यांचे सार काढून आपण हा छोटा ग्रंथ शिष्यांसाठी केला, अशा आशयाचे ते वाक्य. कौतुक रास्तच आहे. पण श्रीधरांचे बीजगणित का हरवले, याचे बरेचसे उत्तरही याच वाक्यात आहे. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथ जिवंत राहतो तो नकला होत राहिल्या तरच. वाळवी, दमट हवा आणि उंदीर यांच्याशी शर्यत लावून दर काही पिढ्यांनी कोणीतरी पुन्हा नक्कल करावी लागते. हाताशी सुटसुटीत, उदाहरणांनी भरलेले, उत्तम पाठ्यपुस्तक असताना जुना जाडजूड ग्रंथ कोण उतरवून घेणार? पाटणच्या मठाला दान मिळाले ते भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या कुळातील इतरांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. श्रीधरांसाठी कोणत्याही घाण्यावर तेल लावून दिल्याचा लेख नाही. ज्या पुस्तकाने श्रीधरांचा श्लोक वाचवला, त्याच पुस्तकाच्या यशाने श्रीधरांचा ग्रंथ मागे पडला. पद्मनाभांचे बीजगणितही असेच गेले. ब्रह्मगुप्त टिकले, कारण त्यांचे बीजगणित ज्योतिषाच्या मोठ्या ग्रंथाच्या पोटात होते आणि ज्योतिष्यांना तो ग्रंथ लागत होता.

पुढे १६३४ मध्ये ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर झाले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी ब्रह्मगुप्त आणि भास्कर यांच्या गणिताचे संस्कृतातून केलेले इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध केले. श्रीधरांचे नाव युरोपच्या वाचकांपर्यंत पोचले ते भास्कराचार्यांच्या पुस्तकाच्या आतून. तोवर युरोपात देकार्त यांची चिन्हांकित मांडणी, १६३७ पासूनची, रुळून गेली होती आणि सूत्राला आजचे रूप आले होते.

त्या रूपाला विसाव्या शतकात एक अनपेक्षित अडचण भेटली. संगणक. यंत्र संख्या साठवते ती मोजक्या अंकांत. उरलेले अंक गळतात. समजा, एखादे यंत्र आठ अंकच धरते, आणि त्याला दिलेले समीकरण असे: क्ष-वर्ग वजा १,००,००० क्ष अधिक १ बरोबर शून्य. ब-वर्ग वजा ४अक म्हणजे ९,९९,९९,९९,९९६. हे दहा अंक आठांत मावत नाहीत, म्हणून यंत्र त्याला दहा अब्ज समजते; वर्गमूळ नेमके एक लाख. मोठे मूळ एक लाख आले, ते जवळजवळ बरोबर आहे. लहान मूळ काढताना एक लाखातून एक लाख वजा होतात आणि उत्तर येते शून्य. शून्य हे या समीकरणाचे मूळ असूच शकत नाही. क्षच्या जागी ते ठेवले तर १ बरोबर ० असे होते. सूत्र बरोबर, आकडेमोड यंत्राच्या नियमाने बरोबर, आणि उत्तर पूर्ण चूक. यंत्र याची तक्रारही करत नाही.

स्टॅनफर्डच्या जॉर्ज फोर्साइथ यांनी १९६६ मध्ये ‘वर्गसमीकरण कसे सोडवाल?’ असा शाळकरी वाटणारा प्रश्न शीर्षकात घेऊन यावर लेख लिहिला. पुस्तकातील सूत्र जसेच्या तसे यंत्रात उतरवणारे कार्यक्रम किती ठिकाणी फसतात, हे दाखवणे हा त्याचा रोख होता. अंक गळण्याचे नियम सर्व यंत्रांत सारखे असावेत म्हणून १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आले. ते घडवण्यात मोठा वाटा असलेले विल्यम कॅहन पुढेही या वर्गसमीकरणाकडे पुन्हा पुन्हा वळले, कारण ब-वर्ग आणि ४अक जवळजवळ समान असले की वजाबाकीत अंक नाहीसे होण्याचा धोका वर्गमुळाच्या आतही असतो. तो टाळायचा तर तेवढी एक वजाबाकी जास्त अंक धरून करावी लागते. पूर्णांकांत शेवटपर्यंत राहणाऱ्या श्रीधरांच्या पाटीवर ही अडचण कधी उद्भवली नसती. तिथे दहा अंक लागले तर दहा अंक लिहायचे, जागा हवी तेवढी.

वर्गमुळाबाहेरच्या धोक्यावर मात्र साधा उपाय आहे, आणि तो दहावीच्याच पुस्तकातला आहे. दोन मुळांचा गुणाकार क भागिले अ असतो. म्हणून ज्या चिन्हाने वजाबाकी होत नाही, बेरीज होते, त्या चिन्हाने आधी मोठे मूळ काढावे. आपल्या उदाहरणात ते एक लाख. मग १ला त्याने भागावे. त्याच आठ अंकी यंत्रावर आता लहान मूळ ०.००००१ येते.